पिशवीतले चार पडदे

नगरच्या दुकानात मिळणारी मोटार आणि हैदराबादच्या दुकानात मिळणारी मोटार एकच असते का, असे मला गेल्या वर्षी कोणी विचारले असते तर मी हसलो असतो. कारखाना एक, नाव एक, साचा एक. मग गाड्या दोन कशा होतील? आता हसू येत नाही. निजामाच्या मोगलाईतल्या आमच्या परभणी जिल्ह्यातून इंग्रजी हद्दीत मोटार आणायला जाणारे फार थोडे. पुढे जे जातील त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो. यात माझी चूक आहे. ती वगळून लिहिता आले असते, पण मग वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीच उरले नसते.

मी परभणीच्या शाळेत मास्तर आहे. आमच्या घरात मुळाक्षरे गिरवलेला पहिला माणूस मीच, आणि बी. ए. झालेलाही मीच. माझे वडील पाथरीपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावी दादासाहेब देशमुखांच्या गोठ्यावर कामाला होते. परभणीला आणि पुढे हैदराबादला मला ठेवले ते दादासाहेबांनी. पण 'गुरामागं घालू नका, शाळेत घाला' असा हट्ट धरला तो त्यांच्या पत्नीने. त्यांना सगळे काकीसाहेब म्हणत.

देशमुखांच्या घरी गोषा आहे. मी बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात जात असे. पुढे माजघराच्या दाराचा पडदा आणि पडद्याखालून सरकत येणारे ताट एवढीच काकीसाहेबांची ओळख राहिली. ताटाच्या कडेवर दोन बोटे दिसत आणि हिरव्या बांगड्या. सुटीत घरी आलो की आतून आवाज येई, "किसना, लय वाळलास रं." त्यांना मी दिसत असे, मला त्या दिसत नसत. हे मला कधी वेगळे वाटले नाही.

गेल्या माघात काकीसाहेबांच्या पोटात दुखू लागले. परभणीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, दाईकडून बाकीचे विचारून घेतले आणि सांगितले की पोटात गाठ आहे. जालन्याला बायकांच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे, ती शस्त्रक्रिया करील. पंधरा दिवसांच्या आत न्या, आणि काही झाले तरी बैलगाडीतून नेऊ नका, हिसक्याने गाठ फुटेल. आगगाडी होती, पण मानवत रोडचे स्टेशन आमच्यापासून सात-आठ कोस, म्हणजे पुन्हा बैलगाडीच. तेव्हा दादासाहेबांनी मोटार घ्यायचे ठरवले.

कोणती घ्यायची हेही ठरलेले होते. पाथरीला तहसीलदारसाहेबांकडे हैदराबादहून घेतलेली कापडी टपाची मोटार होती. दादासाहेबांनी मला ती मुद्दाम नेऊन दाखवली. टपाखाली चारी बाजूंनी पितळी सळया, सळयांवर हिरवे रेशमी पडदे, चालक आणि मागची बैठक यांच्या मध्ये आणखी एक पडदा. आत आरसा नव्हता, कारण आरशात मागे बसलेली माणसे दिसतात. बैठकीला मखमल, हाताशी अत्तरदाणीची खोबण, पायाशी पीकदाणी बसवायला पितळी कडे. माजघराला चाके लावल्यासारखी गाडी.

"मास्तर, हीच गाडी," दादासाहेब म्हणाले. "पडद्यासगट. पडदे नसतील तर ती माज्या काय कामाची?"

हैदराबादच्या दुकानदाराने उत्तर पाठवले की गाडी दीड महिन्याने मिळेल. नगरच्या एजंटाची तार आली की तोच साचा दुकानात उभा आहे. मी आणि लतीफभाई निघालो. लतीफभाई परभणीचे, वीस वर्षे मोटारी चालवलेले. त्यांना अक्षर येत नव्हते. मला तीन लिप्या येत होत्या.

नगर

मनमाडवरून नगरला उतरलो तेव्हा सकाळ होती. मोगलाईतल्या माणसाला तिथे पहिल्यांदा खटकतात त्या दुकानांवरच्या पाट्या. सगळ्या मराठीत. आमच्याकडे मराठी बोलायची, पाटी उर्दूत वाचायची. शाळेकडे निघालेल्या मोठमोठ्या मुली हातात दप्तर घेऊन, डोक्यावर पदर न घेता रस्त्याच्या मधून चालल्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. मी पाहत होतो. लतीफभाईंनी माझ्या कोपराला धरून मला टांग्याच्या वाटेतून बाजूला ओढले.

खानावळीत पोळी आणि गोडसर आमटी. भाकरी आणि ठेचा मागितला तर वाढपी म्हणाला, "भाकरी घरी गेल्यावर." मी 'मेहरबानी' म्हणून पाणी मागितले तेव्हा शेजारचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले. आपण आपल्याच भाषेच्या मुलखात येऊन परके ठरावे, याचे मला वाईट वाटले, आणि त्यामुळेच असेल, पुढच्या दोन तासांत मी जरा जास्तच शहाण्यासारखा वागलो.

मोटारींच्या दुकानातला एजंट तरुण, बोलका होता. आम्ही कुठले ते ऐकून म्हणाला, "मोगलाईतले का? तुमच्याकडे मोटार चालवतात, की पालखीसारखी चार माणसं धरून नेतात?"

मीही हसलो. मग गाडी पाहिली. साचा तोच होता, पण पाथरीच्या गाडीत जे होते ते इथे नव्हते आणि तिथे जे नव्हते ते इथे होते. मखमलीच्या जागी काळे मेणकापड, पीकदाणीच्या जागी विडीची राख झाडायची डबी. चालकासमोर घड्याळ आणि आरसा. मागे ट्रंक बांधायला लोखंडी चौकट. कारखान्यातून निघाल्यावर एक भाऊ इंग्रजीत गेला आणि एक मोगलाईत, असे म्हणावे. मला ही गंमत वाटली. परत गेल्यावर मुलांना सांगावी असेही मनात आले.

लतीफभाईंनी टपाखाली चारी बाजूंनी हात फिरवला. "मास्टरसाब, परदे लटकाने कू सलाखां नई दिखरे."

मी एजंटाकडून सामानाची छापील यादी घेतली. इंग्रजीत होती. बोट ठेवून खाली गेलो आणि एका ओळीवर थांबलो: साइड कर्टन्स, चार. साइड म्हणजे बाजू, कर्टन म्हणजे पडदा. मी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि लतीफभाईंना म्हणालो, "लिखा है. चार."

"लिखा है तो होंगे," ते म्हणाले; पण त्यांचा हात अजून टपाखाली सळई शोधत होता.

"साइड कर्टन्स ना? चारही आहेत," एजंट म्हणाला. "पिशवीत घालून मागच्या सीटखाली ठेवलेत. उघडून दाखवू?"

दुकानात पाच-सहा पुरुष उभे होते. ज्या पडद्यांआड आमच्या काकीसाहेब बसणार ते परक्या पुरुषांसमोर उलगडून पाहायचे, हे मला बरे वाटले नाही. लतीफभाईंनी तर आधीच तोंड फिरवले होते. मी म्हणालो, "नको. राहू द्या."

करोडगिरीचा नाका

पाथर्डी मागे टाकून हद्दीवर आलो. इंग्रजीतून मोगलाईत काहीही आणा, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर ते उघडून दाखवावे लागते. तिथला कारकून म्हातारा, नेमाचा माणूस होता. त्याने हत्यारांची पेटी उघडायला लावली, तेलाचा डबा हुंगला, जादा चाक वाजवून पाहिले. इंग्रजी यादी त्याला वाचता येईना, म्हणून मी एकेक ओळ उर्दूत सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. मागची बैठक उचलून त्याने पिशवीवर हात ठेवला.

"यह क्या है?"

"परदे. चार."

"जनाने के?"

"जी."

विस्तव लागावा तसा त्याने हात मागे घेतला. "रहने दीजिए," म्हणाला आणि पिशवी न उघडता 'परदे, चार' असे लिहून घेतले. बैठक स्वतःच्या हाताने नीट बसवली. मला त्याचा आदर वाटला. तीन ठिकाणी ती पिशवी उघडली गेली असती, आणि तिन्ही ठिकाणी सभ्यपणाने ती बंद राहिली. एजंटाच्या दुकानात माझ्या, नाक्यावर कारकुनाच्या, आणि रस्त्यात दोनदा थांबलो तेव्हा लतीफभाईंच्या.

त्या दिवशी मात्र मी खुशीत होतो. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगून मी वस्तू हद्दीपलीकडे आणली होती. आपल्या शिक्षणाचा काकीसाहेबांना उपयोग झाला, असे मनाशी म्हणत होतो.

गोदावरी

माजलगावला मुक्काम करून सकाळी ढालेगावच्या उतारावर आलो. पाणी गुडघाभर होते, पण त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू. मोटार पन्नास हात गेली आणि बसली. चाके फिरत तसतशी आणखी खाली जात. शेवटी काठच्या शेतकऱ्यांनी बैलांच्या चार जोड्या आणल्या. नदीच्या पात्रात खरबुजांच्या वाड्या असतात. त्यांतल्या एका वाडीतला म्हातारा झोपडीपुढे बसून सगळे पाहत होता. मोटार त्याच्यासमोरून गेली तेव्हा तो म्हणाला, "चार चाकं आन् आठ बैलं. लय पुढं गेलं बाबा जग."

त्याच्याकडून मी काकीसाहेबांसाठी एक खरबूज घेतले. त्यांना ते फार आवडे. पुढे वाटेत ऊन तापले तसा सगळ्या गाडीला त्याचा वास सुटला.

गाव

दुपारी वाड्यापुढच्या अंगणात मोटार उभी राहिली. दादासाहेब तिच्याभोवती एक फेरी फिरले आणि म्हणाले, "पडदे?"

मी पिशवी काढून ओट्यावर आणली आणि बंद सोडला. आत पडदे होते. काळ्या मेणकापडाची चौकट आणि तिच्या मधोमध, सगळ्या लांबीरुंदीत, अभ्रकासारखे पारदर्शक सेल्युलॉइड. मी एक उचलून धरला. त्यातून मला पलीकडचे दादासाहेब स्पष्ट दिसले. त्यांच्या कपाळावरचे गंध दिसले.

लतीफभाई हळूच म्हणाले, "बारिश के हैं, मास्टरसाब."

तसेच होते. इंग्रजांचा पडदा पावसासाठी असतो, आपला माणसांसाठी. पाऊस बाहेर ठेवायचा आणि रस्ता दिसत राहायचा, एवढेच त्याचे काम. यादीत काहीही खोटे नव्हते. एजंट खोटे बोलला नव्हता. मी बी. ए. होतो आणि एक शब्द मला त्या शब्दापुरताच येत होता.

"दिसायचंच हाय, तर ह्याला पडदा कशाला म्हनायचं?" दादासाहेब म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

तेवढ्यात आतून रखमा आली. ती काकीसाहेबांजवळची मोलकरीण. पडदे बघायला मागितलेत म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली. थोड्या वेळाने माजघराच्या पडद्याआडून आवाज आला. आठ-दहा दिवसांत तो फार बारीक झाला होता.

"किसना, ह्यातून तर बाहेरचं समदं दिसतंय की रं."

मी मान खाली घातली. "चुकलं माझं, काकीसाहेब," म्हणालो. मग सळया कुठे मिळतील ते पाहायला बाहेर पडलो.

दोन दिवस सळयांच्या शोधात गेले. पाथरीच्या तांबटाकडे त्या मापाच्या नव्हत्या. वेळूच्या काठ्या बांधून पाहिल्या, त्या टपाच्या कापडाला भोक पाडू लागल्या. तहसीलदारसाहेबांची गाडी मागावी असे मी सुचवले, तर साहेब ती घेऊन दौऱ्यावर गेले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे टपाच्या चौकटीला सुतळीने जाड चादरी बांधल्या, समोरचा आरसा काढून टाकला, आणि अंगणातल्या सगळ्यांना बाजूला करून काकीसाहेबांना आत निजवले. रखमा त्यांच्या उशाशी बसली. दादासाहेब आणि मी पुढे.

सेलूचा रस्ता

दोन कोस नीट गेलो. मोकळ्या माळावर लतीफभाईंनी वेग वाढवला आणि वाऱ्याने उजवीकडची चादर सुतळीसकट वर उडाली. रस्त्याच्या कडेला हरभरा काढणारी दहा-बारा माणसे उभी राहून पाहू लागली. दादासाहेबांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि स्वतः चादर ओढून धरली.

"हळू," ते म्हणाले. "मानसाच्या चालीनं."

लतीफभाईंनी सांगून पाहिले की चादरी गच्च शिवून घेऊ, नाहीतर माणसे पाहतील-न पाहतील तेवढ्यात पुढे निघून जाऊ. "हवा कू कौन परदा करता, सरकार?" दादासाहेब डावीकडच्या पायरीवर उभे राहिले, मी उजवीकडच्या. एका हाताने टप, एका हाताने चादर. पायरीवर पाय अवघडला की उतरून चालायचे, चादर सोडायची नाही. मोटार बैलगाडीच्या चालीने चालली. मधूनमधून तिचे पाणी उकळे, मग थांबायचे. नुसती भरधाव गेली असती तर तिच्याकडे क्षणभर कोणी पाहिले असते. अशी चालली म्हणून गावेच्या गावे वेशीत येऊन उभी राहिली. एका ठिकाणी कोणीतरी आत देव आहे की काय असे विचारले. मला नगरच्या एजंटाची पालखी आठवत होती.

सेलूला पोहोचायला दुपार झाली. स्टेशनात जालन्याकडे जाणारी आगगाडी उभी होती. तिला जनाना डबा होता, दीड-दोन तासांत ती जालन्याला गेली असती. पण डब्याआधी फलाट होता, आणि फलाटावर माणसे होती. दादासाहेबांनी एकदा तिकडे पाहिले आणि लतीफभाईंना पुढे चला म्हणाले.

सेलू मागे पडल्यावर माझ्या हातातल्या चादरीच्या आतून काकीसाहेब बोलल्या. माझ्याशी नव्हे, पलीकडच्या दादासाहेबांशी. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अहो, ऐका की. त्या चादरी सोडा. बघनाऱ्याला बघू द्या. मला सोसवंना आता. गाडी जोरात जाऊ द्या."

लतीफभाईंनी आपणच गाडी उभी केली. मग दादासाहेबांनी टपावरून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या तोंडावर धूळ होती आणि धुळीतून घाम उतरला होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला पुष्कळ दिले, पण मला कधी काही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले.

"मास्तर, तुमी शिकलेले. तुमी काय म्हनता?"

काय म्हणायचे ते मला माहीत होते. तीन भाषांत म्हणता आले असते. पण समोर माझा अन्नदाता होता, बाई त्याच्या घरातली होती आणि गाडीत पडदे नव्हते ते माझ्यामुळे. मी म्हणालो, "आपण म्हणाल तसं, दादासाहेब."

त्यांनी मान हलवली. मला वाटते, ते वेगळ्या उत्तराची वाट पाहत होते. खात्रीने सांगता येणार नाही.

गाडी पुन्हा चालीने निघाली. परतूरला मुक्काम करावा लागला. जालन्याला आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो.

जालना

दवाखाना स्वच्छ, शांत, पुढे निंबाची झाडे. बाई डॉक्टर गोरी होती. तिने काकीसाहेबांना आत नेले आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलली, कारण आमच्यात इंग्रजी समजणारा मी एकटा होतो. गाठ फुटली आहे, काल केव्हातरी फुटली असावी, आता आपल्या हातात फारसे नाही, असे ती म्हणाली. हे इंग्रजी मला बरोबर कळले. मी ते दादासाहेबांना मराठीत सांगितले, एकही शब्द न चुकता.

काकीसाहेब त्याच रात्री गेल्या. परत येताना लतीफभाईंना कोणी हळू म्हणाले नाही. आठ तासांत आम्ही गावात होतो.

मोटारीला आता पडदे आहेत. हैदराबादहून पितळी सळया आल्या, हिरवे रेशीम आले, पीकदाणीचे कडेसुद्धा आले. ती आता हुबेहूब तहसीलदारसाहेबांच्या मोटारीसारखी दिसते. दादासाहेब एकटेच तीत बसून पाथरीच्या कचेरीला जातात. सळया बसवल्या त्या दिवशी त्यांनी जुनी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे तुमचं इंग्रजी. घेऊन जा."

मी ती उचलून निघालो. वेशीपाशी रखमा भेटली. पिशवी ओळखून ती थांबली आणि सांगू लागली की त्या दिवशी पडदे आत नेले तेव्हा काकीसाहेबांनी एक पडदा सोडलाच नाही. उठून बसल्या, माजघराचे दार किलकिले करवले आणि पडदा तोंडापुढे धरून बाहेर बघत राहिल्या. आड दिसला, मोटार दिसली, वेशीकडे जाणारी वाट दिसली. नऊ वर्षांच्या असताना त्या त्याच वाटेने मेण्यातून आल्या होत्या. ती त्यांनी तेव्हा पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. दुखत होते तरी हसत होत्या.

"म्हनत हुत्या, किसनानं बरोबर पडदं आनलं," रखमा म्हणाली. "ह्यातून जाऊ द्या मला, जालन्यापस्तोर समदं बघत जाईन. बाहेरचं समदं दिसतंय म्हून तुमाला आतून हाक मारून सांगितलं की त्यांनी. सांगितलं न्हाई का?"

सांगितले होते.